माणूस कसा पाहिजे

रामरावांच्या घरात कुणी कुणाला सरळ काही विचारत नसे. विचारायचं असेल तर काम सांगायचं आणि समोरचा ते काम कसं करतो यावरून उत्तर ओळखायचं, ही त्या घरातली रीत. थोरल्या प्रियाला स्थळ आलं तेव्हा रामरावांनी मुलाचा फोटो तिच्याच हातात दिला आणि म्हणाले, "एवढा झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आण." प्रियाने तो मोठा करून आणला, वर प्लॅस्टिकचं आवरणही चढवून आणलं. झालं, पुढच्या महिन्यात साखरपुडा. त्यांच्या बायकोला, गोजरबाईंना, भावाकडे जावंसं वाटलं की त्या प्रवासाची पिशवी धुऊन दोरीवर टाकायच्या आणि रामराव एसटीची वेळ विचारून यायचे.

धाकटी अर्पिता याच घरात वाढली, पण शिकली प्राणिशास्त्र. तिथे तिला शिकवलं गेलं की जे आहे ते लिहावं, जे असावंसं वाटतं ते लिहू नये. या दोन शिकवणी कधी एकमेकींच्या आड आल्या नव्हत्या. यंदा आल्या, एका जाहिरातीवरून.

वडीगोद्रीच्या आसपास बरेच शेतकरी तुती लावून रेशमाच्या अळ्या पाळतात. त्यांची एक कंपनी होती, रामराव तिचे अध्यक्ष. कंपनी म्हणजे खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक लांब टेबल आणि भिंतीवर तुतीच्या रोगांचा तक्ता. एमएस्सी करून अर्पिता संभाजीनगरहून परत आली ती थोडे दिवस राहायचं म्हणून. रामरावांचे मित्र आणि कंपनीतले एक संचालक कडूबाकाका, त्यांच्या शेडमधली अळ्यांची एक अख्खी बॅच त्याच दिवसांत मेली. रेशमाची अळी वाढताना चार वेळा कात टाकते. तेव्हा ती डोकं उचलून निश्चल बसते, खात नाही. नेमका तेव्हा पाला पडला की तो तसाच कुजतो, शेडमध्ये ओल वाढते आणि रोग शिरतो. कडूबाकाकांनी मायेने पाला टाकला होता. मेलेल्या अळ्यांचा ढीग चुना टाकून पुरताना ते अर्पिताला म्हणाले होते, "एवढी शिकलीस, एवढं तरी सांग ना आमाला, कव्हा खाऊ घालायचं आन् कव्हा न्हाई."

मग ती राहिलीच. शेडमध्ये टांगायची छोटी यंत्रं तिने जुळवली. आतली उष्णता आणि ओल किती ते त्यांतून तिच्याकडे यायचं. अळ्यांचं वय, हवामान आणि जात धरून ती हिशेब बसवायची आणि शेतकऱ्याच्या फोनवर निरोप जायचा: आज पाला बंद, उद्या सकाळी फांद्या टाका, खिडक्या उघडा. सुरुवातीला कडूबाकाकांचं शेड, मग त्यांच्या भावकीतली, मग अंबड तालुक्यातली गावंच्या गावं. लोक तिला ताई म्हणू लागले. तिच्यापेक्षा दुप्पट वयाचे लोकसुद्धा.

हे काम जिल्हाभर न्यायला सरकारी योजनेतून मंजुरी आली. डिजिटल कामांसाठी एक पूर्णवेळ व्यवस्थापक जाहिरात देऊन नेमावा, अशी अट होती. बाहेरचा, घरचा, कुणीही चालला असता. जाहिरात मात्र हवी होती.

बैठकीत कडूबाकाका खुर्चीतून अर्धे उठलेच. "जाहिरात कशापाई? आपली अर्पी हाय की. फुकटात राबून राह्यली, तिलाच खुर्ची द्या."

"अध्यक्षाचीच पोरगी?" संचालक अंगदराव म्हणाले. "लोकं काय म्हन्तील?"

"लोकांच्या आळ्या तिनंच जगवल्या. काय म्हन्तील? हार घालतील."

सगळे हसले. रामराव हसले नाहीत. "जाहिरात देऊ," ते म्हणाले. "ज्याला यायचं तो येईल."

संध्याकाळी घरी, पायावर पाणी घेता घेता ते अर्पिताला म्हणाले, "माणूस कसा पाहिजे ते तू लिही. तुला कळतं."

ती लिहायला बसली आणि तिला वाटलं, किती सोपं आहे. पण लिहायला लागल्यावर तिला मागचा उन्हाळा आठवला. टायफॉइडने ती अंथरुणात पडली आणि निरोप बंद पडले. कुणालाच काही चालवता आलं नाही, कारण सगळं तिच्या डोक्यात होतं. तिने दुसऱ्या कुणाला शिकवलं नव्हतं. शिकवायला वेळ नव्हता असं ती म्हणायची. खरं म्हणजे शिकवायचं कसं तेच तिला माहीत नव्हतं. आता सगळ्या जिल्ह्याचं काम. प्रामाणिकपणे पाहिलं तर माणूस कसा हवा? तिने लिहिलं: प्रकल्प चालवल्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असावा, हाताखाली माणसं तयार केलेली असावीत.

ती ओळ तिने पुन्हा वाचली. या ओळीत ती स्वतः बसत नव्हती. खोडावी का? खोडली तर ते आपल्या मापाचं कापड बेतल्यासारखं होईल. तिने ओळ ठेवली, आणि ठेवताना तिच्या मनात वडिलांचा, आबांचा आवाज अगदी स्पष्ट उमटला: 'अगं, पाच वर्षं कशाला? काढ ते. मंग तुला कसं घ्यायचं?' ते असं म्हणणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी म्हणावं, आणि तिने काढावं. आपल्या हाताने नव्हे, त्यांच्या सांगण्यावरून.

रामरावांनी चष्मा लावून कागद वाचला. परत पहिल्यापासून वाचला. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. अर्पिता चुलीजवळ उभी होती. आईला मदत करण्याचं निमित्त करून.

"बराबर हाय," ते म्हणाले. कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली.

त्यानंतर घरात या विषयावर कुणी बोललं नाही. अर्पिता रोजच्यासारखी निरोप पाठवत राहिली. फक्त तिला जेवण जाईना. आई ताटात वाढायची आणि म्हणायची, "भांडा तरी. या घरात कुणी भांडत न्हाई, म्हून कुणाला काही कळत न्हाई."

मुलाखतीला तिघे आले. तांत्रिक प्रश्न विचारायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून अर्पिताला टेबलाच्या अलीकडे, संचालकांशेजारी बसवलं. पहिल्या दोघांना रेशीम म्हणजे पैठणी एवढंच ठाऊक होतं. तिसरा राजानंद. जालन्यातला, मस्तगडचा. गावोगावच्या दूध केंद्रांचं काम मोबाइलवर आणणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीत तो बरीच वर्षं होता. त्याची आई, मालनबाई, गुडघ्यांच्या दुखण्याने घरात बसून होती. पुण्याच्या घराचे तीन जिने तिला चढवत नव्हते. म्हणून त्याला इकडे यायचं होतं. हे त्याने न लपवता सांगितलं. अर्पिताने अवघड प्रश्न विचारले, त्याने सरळ उत्तरं दिली. एका प्रश्नाला तो म्हणाला, "हे मला येत नाही. शिकावं लागेल." तिला तो आवडला. याचाच तिला राग आला.

मग त्याने विचारलं, "आत्ता जे चालू आहे ते कुणी उभं केलं?"

"हिनं," कडूबाकाका म्हणाले. "एकटीनं."

राजानंदने तिच्याकडे पाहिलं. "मग मॅडम, तुम्ही का नाही अर्ज केला?"

खाली दुकानात कुणीतरी खताची गोणी आपटली. रामराव पाण्याच्या बाटलीचं झाकण बोटांनी फिरवत होते, ते थांबलं. अर्पिताने त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याकडेच पाहत होते. आता बोलतील, तिला वाटलं. एवढं उघड, एवढ्या लोकांसमोर कुणी विचारल्यावर तरी बोलतील.  त्यांनी नजर बाटलीकडे वळवली.

"माझा अनुभव कमी पडतो," ती म्हणाली. "जाहिरातीत आहे तसं."

झाकण पुन्हा फिरू लागलं.

राजानंद चहा पिऊन खाली गेला तेव्हा अंगदरावांनी घसा खाकरला. "माणूस चांगला हाय. फक्त त्याला शेडाशेडात फिरायचं हाय. आपल्यात शेडात कुणालाबी घेत न्हाईत."

"कुणालाबी म्हंजी कुणाला?" रामरावांनी विचारलं.

"तसं न्हाई हो. पण लोकं आडनाव इचारतेत."

"हातपाय धुऊन, दारातल्या चुन्यात पाय देऊन जो येईल तो शेडात जाईल. आळ्या कुणाचं आडनाव इचारत न्हाईत, अंगदराव." आणि त्यांनी तिथेच फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "राजानंदराव, खालीच आसाल तं ऐका. तुम्ही कामावर. रामराव शब्द देऊन राह्यला, पंचांसमोर."

त्या क्षणी अर्पिताला आपल्या बापाचा कधी नव्हे इतका अभिमान वाटला. त्याच फोनने तिचं सगळं संपलं होतं, आणि तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी नक्की कशाचं हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

हैदराबादच्या एका कंपनीतली मैत्रीण तिला कधीची बोलावत होती. औषधांच्या गोदामांतल्या मालाचा हिशेब संगणकावर ठेवायचं काम. अर्पिताने होकार कळवला. घरी तोंडाने सांगितलं नाही, तिथून आलेला कागद फक्त आबांच्या चष्म्याशेजारी ठेवला. माळ्यावरची मोठी बॅग काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि अंगणात उन्हाला ठेवली. दुसऱ्या दिवशी रामराव जालन्याहून आले आणि गोजरबाईंना म्हणाले, "हैदराबादची गाडी संध्याकाळची बरी पडती म्हन्ले स्टेशनावर." तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

राजानंद आईला घेऊन वडीगोद्रीत राहायला आला. तळमजल्याची खोली, दारात हापसा. त्याने येताच दोन मुलींना आणि एका मुलाला यंत्रं दुरुस्त करायला शिकवायला बसवलं. जे अर्पिताला कधी सुचलं नव्हतं, सुचलं तरी जमलं नव्हतं. ती त्याला शेडाशेडात घेऊन फिरली. तो विचारायचा, लिहून घ्यायचा, पुन्हा विचारायचा. पण शेतकरी त्याच्याकडे पाहत नसत. तो समोर उभा असताना ते अर्पिताला म्हणायचे, "ताई, सायबाला सांगा, ह्या कोपऱ्यात ओल जास्ती हाय." आडनावाची अढी थोड्यांना असेल, बाकीच्यांना फक्त सवय होती. राजानंद हसून सोडून द्यायचा. पण अर्पिताने ते पाहून ठेवलं.

एक दिवस दोघं कडूबाकाकांच्या शेडमध्ये होती. काका पाल्याच्या फांद्या रॅकवर पसरत होते आणि बराच वेळ काही बोलत नव्हते. ते बोलत नाहीत म्हणजे आत उकळी आहे, हे अर्पिताला माहीत होतं.

"जायचंच होतं तं पहिल्या दिवशी सांगायचं पोरी," ते एकदम म्हणाले. "म्हाताऱ्याला झुलवलं काहून?"

"मी कुणाला झुलवलं, काका?"

"ऐका! कुणाला म्हन्ती. त्या मीटिंगनंतर मी तुझ्या बापाला धरलं. म्हन्लं, रामराव, पोरीला सरळ इचार की, थांबती का म्हून. तं म्हन्ला, मी थांब म्हन्लो तं ती माझ्यासाठी थांबंल. शिकलेली हाय, तिच्या पायात माझा दोर कशाला? म्हून जाहिरातीचं काम तिलाच देतो. थांबायचं आसंल तं आपल्या मापाचं लिव्हील, मी डोळे झाकून सही करीन. न्हाई तं समजंल मला. आन् तू लिव्हलं पाच वर्षं! त्या दिवशी जेवला न्हाई तो. माझ्याकडं येऊन बसला, नुसता बसला. म्हन्ला, पोरगीनं दार लावून घेतलं."

अर्पिताने रॅकचा बांबू धरला.

कडूबाकाकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातली फांदी तशीच राहिली. "तुला... ठाव नव्हतं?"

ती बाहेर आली. मागोमाग राजानंद आला. शेडच्या दारातला चुना त्याच्या पायांना लागला होता.

"मी राजीनामा देतो," तो म्हणाला. "पुण्यातली माझी जागा अजून भरली नसेल."

"भरली. तुम्हीच सांगितलं होतं परवा."

"दुसरी मिळेल."

"आणि मालनकाकूंना परत तीन जिने चढवणार? आणि तुम्ही गेलात की अंगदकाका काय समजतील? गावं काय समजतील? आबांनी तुम्हाला काढलं, त्यांचंही शेवटी आडनावावरच आलं, हेच ना? ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, राजानंदसर."

त्याने पायांचा चुना गवताला पुसला. मग म्हणाला, "मी त्या दिवशी तोंडावर विचारलं होतं तुम्हाला."

"हो," ती म्हणाली. "तुम्हीच एकट्याने विचारलं."

रामराव तुतीत होते. विळ्याने फांद्या कापून बांधावर रचत होते. ती समोर येऊन उभी राहिली तरी त्यांनी मान वर केली नाही. तिचे पाय ओळखले असावेत.

"आबा, ती ओळ कामासाठी लिहिली होती. कामाला तसा माणूस लागतो म्हणून."

विळा थांबला.

"मला नको होतं म्हणून नाही लिहिली. मी वाट बघत होते. तुम्ही म्हणाल, काढ."

रामराव हळूहळू सरळ झाले. त्यांना कंबर सरळ करायला वेळ लागायचा, पण आज फारच लागला. "मी त्या ओळीवर बोट ठेवलं होतं," ते म्हणाले. "तुझ्याकडं बघितलं. तू भाकरीकडं बघून राह्यली व्हती."

"तुमच्याकडं कसं बघू? मंग मीच मागितल्यासारखं झालं असतं."

"मंग मागायचं व्हतं की, माय."

"तुम्ही तरी विचारायचं होतं."

पलीकडच्या रानात मोटर चालू झाली. दोघंही तिकडे पाहत राहिली, जणू त्या मोटरीचंच काही काम होतं. रामरावांनी डोक्याचा रुमाल सोडला, तोंडावरून फिरवला, आणि तो पुन्हा बांधायचं विसरून हातातच धरून ठेवला.

"मी आता इचारतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज अनोळखी वाटला. हे वाक्य त्या आवाजाने कधी उचललं नव्हतं. "राजानंदचं काही बदलायचं न्हाई, मी शब्द देल्ला हाय. पण तू त्याच्या संगं. आसं-तसं काय करायचं ते बघू. अर्पे, थांबतीस का?"

सव्वीस वर्षांत आबांनी तिला सरळ विचारलेला हा पहिला प्रश्न. तिला वाटलं, हो म्हणावं आणि इथेच, या फांद्यांवर बसून लहानपणीसारखं रडावं. हो तिच्या जिभेवर आलंही होतं. पण पुढे काय होणार ते तिला दिसत होतं, आणि दिसत असताना दिसत नाही असं कसं म्हणणार?

"नाही, आबा."

मग तिने कारण सांगितलं.

"मी इथे असेपर्यंत लोक माझ्याकडेच येणार. तो शेडात उभा असला तरी ते मला सांगतात. मी हाताखाली बसले काय, खुर्चीत बसले काय, त्यांना ताईच लागणार. त्याला कुणी विचारणार नाही. वर्षभरात तो कंटाळून जाईल आणि सगळं परत माझ्या एकटीच्या डोक्यात येईल. मी आजारी पडले की अळ्या मरतील. ती ओळ खरीच होती, आबा. कामाला तो लागतो."

"आन् तुला?"

ती वाकून बांधावरच्या फांद्यांचे भारे बांधू लागली. रामरावांनी मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिले. मग वाकून त्यांनी विळा जमिनीवर ठेवला आणि एक भारा डोक्यावर घेतला. दुसरा तिने घेतला. शेडमधल्या अळ्यांची संध्याकाळच्या पाल्याची वेळ झाली होती आणि ती कुणासाठी पुढे ढकलता येत नाही.

दारात दोघांनी हातपाय धुतले, चुन्यात पाय दिले. शेडमधला मधला रॅक खांद्याएवढा उंच होता. ती या बाजूने, ते त्या बाजूने पाला पसरू लागले. मधे हिरव्या फांद्यांची भिंत होत गेली. हजारो अळ्या एकदम खायला लागल्या. सगळीकडून कागद चुरगाळल्यासारखा आवाज येऊ लागला, आणि त्या आवाजात पलीकडचं दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. पण आबांनी तोल सावरायला रॅकचा बांबू धरला असावा, कारण बांबू हलत होता. बारीक, थांबून थांबून, मग न थांबता.

अर्पिताने फांद्या बाजूला करून पाहिलं नाही. तिने आपल्या बाजूने त्याच बांबूला हात लावला, एका हाताने पाला टाकत राहिली, आणि बांबू हलायचा थांबेपर्यंत तो सोडला नाही.